माशेलचा चिखलकालो

माशेल, गोवा

प्रिय विनायक,

आज आपला चिखलात खेळायचा सण, चिखलकालो झाला. अंग दुखतंय, तरी लिहायला बसलोय.

२०२३ पासून पर्यटन खातं आपला कालो राज्य पातळीवरचा उत्सव म्हणून भरवतं, हे तुझ्या कानावर आलं असेलच. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. पूर्वी देवकीकृष्णाच्या देवळापुढे आपलीच माणसं असायची. आता पणजी-मुंबईहून लोक येतात. पोर्तुगीज अमलात चोडणहून मयेमार्गे देव इथं आणणाऱ्या पूर्वजांनी जे जपलं, त्याची सरकारदरबारी नोंद झाली, हे काय थोडं आहे?

खेळ मात्र तेच. एकादशीचं भजन संपलं, दुसऱ्या दिवशी अंगाला तेल चोळून पोरं मैदानात. चक्र, चेंडूफळी, आंधळी कोशिंबीर! पाऊस असा लागला होता की पाय पोटरीपर्यंत रुतायचा. एक लहानगा आजोबांच्या कडेवरून उतरेना. त्यांनी खाली वाकून चिमूटभर चिखल त्याच्या कपाळाला लावला, तसा तो आपणच खाली उतरून आत पळाला.

पण विनायक, हा सण मातीचा. ऐन लावणीच्या दिवसांतला. मंडपावर, रोषणाईवर खर्च होतो तो होऊ दे, पण शेतांच्या मेरा, म्हणजे बांध फुटल्यात, पाट बुजलेत, त्यांच्याकडेही कुणी बघायला हवं. भातशेतं बिगरशेतकऱ्याला विकता येऊ नयेत म्हणून २०२३ सालीच कायदा झाला. त्यानं जमीन वाचेल, पण ती कसणार कोण? लावणीसाठी तरवा, भाताची रोपं काढायला माणूस मिळत नाही. शेतकऱ्याच्या सणाला मान द्यायचा तर शेत पिकतं राहायला हवं, असं मला फार वाटतं.

म्हणून मुद्द्याचं विचारतो. तुमचं शेत काकांच्या पश्चात पडीकच आहे, कमरेएवढं गवत माजलंय. मला कसायला द्याल? कूळ लागेल, कसणारा जमिनीवर हक्क सांगेल अशी काकूंना भीती वाटते, आणि ती उगाच नाही. म्हणून वकिलाकडून रीतसर करार करू. यंदाची लावणी आता साधणार नाही. विहिरीतला गाळ काढला तर वायंगणापुरतं, हिवाळी भातापुरतं पाणी मिळेल, मी पाहून आलोय. ज्योती जातीच्या भाताचं बियाणं घालू. गाळाचा खर्च माझा, भात निम्मं तुमचं.

काकूंशी बोल आणि लवकर कळव. चतुर्थीला येशीलच, तोवर कागद तयार करून ठेवतो.

तुझा,
दिगंबर