निवासी डॉक्टर आईच्या बाजूने बोलणारे कोणी हवे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

शिकता शिकता आई झालेल्या डॉक्टर मुलींना कोचिंगचा (म्हणजे क्लासचा नव्हे, अनुभवी माणसाने सोबत बसून बोलण्याचा, वाट दाखवण्याचा) आधार द्यावा, हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. विषय काढलात याबद्दल आभारच मानते. पण शेवटाकडे येता येता सगळी मदत 'ताणाचे नियोजन', 'सकारात्मक विचार' आणि 'स्वतःसाठी वेळ काढा' यावर येऊन थांबली, तेव्हा राहवले नाही. माझी मुलगी मराठवाड्यातल्याच एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विषयात एमडी करते. दुसऱ्या वर्षाला असताना तिला मुलगा झाला. तिच्यासोबत भाड्याच्या खोलीत राहून ते लेकरू मी सांभाळले आहे, त्यामुळे पुढे लिहिते ते ऐकीव नाही.

तिचे विचार कधीच नकारात्मक नव्हते. मुलगी खमकी आहे. तिला हवे होते ते एक वरिष्ठ माणूस, जे नियम समजावून सांगेल आणि गरज पडली तर तिच्या बाजूने विभागप्रमुखांशी बोलेल. ते तिला मिळाले नाही.

रजा मिळाली, हे प्रामाणिकपणे सांगते. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३ च्या नियमावलीतही विद्यार्थिनींना सरकारी नियमांप्रमाणे प्रसूती रजा द्यावी असे लिहिले आहे. पण रजेच्या पुढचे काय? हजेरी ८० टक्के लागते. रजा ठरल्यापेक्षा जास्त झाली की कोर्स तेवढा लांबतो. मग परीक्षा कोणत्या सत्रात? थिसिसची तारीख पुढे जाणार की आहे तीच? वाढलेल्या महिन्यांचे विद्यावेतन मिळणार का? पोटुशी मुलगी हे प्रश्न घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. कार्यालयात म्हणत, विभागाला विचारा. विभागात म्हणत, वरून पत्र आले की बघू. रजेवर असताना तिच्या गाइडची बदली झाली, ते तिला कोणी कळवलेसुद्धा नाही, कारण रजा सुरू होताच युनिटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून तिला काढून टाकले होते. परत गेल्यावर कळले की थिसिसवर सही करणारे सरच आता त्या गावात नाहीत.

आठव्या महिन्यात बीपी वाढल्याने तिची बरीच रजा बाळंतपणाआधीच गेली. रुजू झाली तेव्हा लेकराला पाचवा महिना लागला होता. एप्रिलचे दिवस. त्याच आठवड्यात तिला इमर्जन्सी ड्यूटी लावली. सकाळी गेलेली मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीवर आली. निवासी डॉक्टरांचे सलग काम साधारणपणे १२ तासांच्या आणि आठवड्याचे काम ४८ तासांच्या वर नसावे, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेत लिहिलेले आहे. तेव्हा माझी मुलगी जन्मलीही नव्हती. तिचे लेकरू आता रांगते आहे आणि तो कागद अजून कागदच आहे.

आता एवढे एक सविस्तर लिहू द्या, कारण तुमच्या लेखात याबद्दल अक्षरही नाही. तिच्या वॉर्डात कमी वजनाची, आजारी नवजात बाळे असतात. खेड्यापाड्यांतून आलेल्या बाळंतिणींना दर दोन-तीन तासांनी बोलावून अंगावर पाजायला लावायचे, बाळाला ओढता येत नसेल तर दूध हाताने काढून वाटी-चमच्याने द्यायला शिकवायचे, हे तिचे काम. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाण्याचा थेंबही नाही, हे ती रोज घसा कोरडा करून सांगे. आणि तिचे स्वतःचे पाच महिन्यांचे लेकरू माझ्या मांडीवर रडत असे. ड्यूटी रूम मुलामुलींना एकच, तिची कडी तुटलेली. म्हणून ती बाथरूममध्ये उभी राहून दूध काढायची आणि वॉर्डातली एक मावशी दाराबाहेर राखण करायची. त्या मावशीचे उपकार मी विसरणार नाही. शिकल्या-सवरलेल्या माणसांना जे सुचले नाही ते तिला सुचले.

काढलेले दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकते असे सांगतात, पण ते पंचवीस अंशांच्या खोलीत. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असतो. वॉर्डातला फ्रिज लसी आणि औषधांचा, त्यात बाटली ठेवायला मनाई. ती मनाई योग्यच आहे, पण मग दुसरी जागा कोणती, हे सांगायला कोणी नव्हते. मी कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ घेऊन डब्यात भरायची आणि रुग्णालयाच्या फाटकावर उभी राहायची. कधी ती पाच मिनिटांत यायची, कधी आतून निरोप यायचा की बाळ सिरीयस आहे, जमणार नाही. तेव्हा बर्फ वितळायचा आणि मी रिकामी बाटली घेऊन परत यायची. एकदा छातीत गाठी होऊन तिला सणकून ताप भरला. हे का होते आणि त्यावर काय करायचे, हे तिच्याइतके कोणाला माहीत? पहिला उपाय दूध वेळेवर निघणे, तोच तिला शक्य नव्हता. एका दिवसाची सुटी मागितली तर उत्तर आले, "तुमची रजा संपली ना मॅडम?"

हे बोलणाऱ्या मुलावर माझा राग नाही. तोही तिच्याच बरोबरीचा. ती रजेवर असताना तिच्या जागी कोणी दिले नव्हते, तिच्या रात्री याच मुलांनी वाटून घेतल्या. त्यांची झोप गेली, घरी जाणे गेले. मग ती परत आल्यावर त्यांना वाटणारच की आता हिने फेडावे. मुलगी स्वतः मला म्हणाली, "आई, त्यांचं तरी काय चुकलं?" खरी चूक आहे ती रजा मंजूर करून रिकाम्या जागेची सोय न करणाऱ्यांची. लेखिकेने हे सोडून 'सहकाऱ्यांशी संवाद वाढवा' असा सल्ला दिला आहे. तीन रात्री जागलेल्या मुलाशी कोणता संवाद वाढवायचा?

इंग्लंडमधल्या कोचिंगचा उल्लेख लेखात आहे, पण अर्धाच. मुलीची एक वर्गमैत्रीण तिकडे नोकरीला आहे, तिने सगळे सांगितले. तिथे तीन महिने किंवा जास्त काळ प्रशिक्षणाबाहेर राहिलेल्या डॉक्टरसाठी परतीची रीतसर योजना असते. रजेवर जाण्याआधी वरिष्ठांसोबत बैठक होते. रजेच्या काळात १० दिवसांपर्यंत कामावर येऊन हात आणि डोके चालू ठेवता येते, त्याने रजा मोडत नाही. परतल्यावर सुरुवातीचा काही काळ कोणाच्या तरी देखरेखीखाली काम करता येते, पूर्णवेळाऐवजी कमी वेळाचे प्रशिक्षणही मागता येते. या सगळ्यासोबत कोचिंग आहे, म्हणून त्या कोचिंगला अर्थ आहे. बाकीचे वगळून फक्त बोलणे उचलले तर आमच्या मुलींच्या वाट्याला अजून एक व्याख्यान येईल. तेही ड्यूटी संपल्यावर, सभागृहात, हजेरीच्या सहीसह.

आपल्याकडे काय करता येईल, तेही लिहिते. संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई, या जुन्या महाविद्यालयांत आज ज्या बाई प्राध्यापक आहेत, त्यांतल्या कितीतरी जणी स्वतः शिकताना आई झालेल्या असतील. त्यांच्यातल्या एकीला अशा मुलींची जबाबदारी लेखी द्यावी आणि त्यासाठी आठवड्यातले काही तास मोकळे करावेत. ती बाई त्या मुलीच्या विभागाची मात्र नसावी. जी व्यक्ती थिसिसवर सही करते आणि परीक्षेला समोर बसते, तिच्यापुढे कोणती मुलगी 'मला झेपत नाही' म्हणेल? जबाबदारी घेतलेल्या बाईने मुलीला रजेआधी भेटावे, कागद पुरे करून घ्यावेत, रजेत गाइड बदलला तर कळवावे, परतताना ड्यूटीचा तक्ता लागण्याआधी विभागप्रमुखांशी बोलावे. आणि हे बोलणे अधिष्ठातांनी ऐकून घेतलेच पाहिजे. अधिकार नसलेली मार्गदर्शक बाई फक्त पाठीवरून हात फिरवू शकेल, त्यासाठी मी आहे.

लेखात आणखी एक वाक्य आहे की 'सासरच्यांनी समजून घेतले तर अर्धे प्रश्न सुटतात'. आमच्या विहीणबाई गुडघे दुखत असताना परभणीहून बसने येऊन महिना-महिना राहिल्या, त्या होत्या म्हणून मला गावी जाऊन श्वास घेता आला. जावईबापू रविवार मिळाला की लेकराचे लंगोट धुवायला बसतात. घरात कोणी कमी पडले नाही. कमी पडली ती संस्था, आणि दर वेळी सासूला पुढे करून संस्थेला मोकळे सोडू नका.

आणि आनंदीबाई जोशींपासून सुरुवात करून 'त्यागाची परंपरा' कशाला सांगता? १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पण त्याआधी, कोवळ्या वयात, त्यांचे दहा दिवसांचे मूल उपचारांअभावी गेले होते. त्या दुःखातून त्या शिकायला निघाल्या. त्यांचे नाव घेऊन आजच्या आयांना आणखी सोसायला सांगणे मला पटत नाही. साडेपाच वर्षे एमबीबीएस आणि इंटर्नशिप, मग प्रवेशाची वाट, मग तीन वर्षे एमडी, पुढे सुपरस्पेशालिटी घेतली तर आणखी तीन. मुलीने मूल कधी होऊ द्यायचे? नीटचा निकाल लागला की लातूरच्या रस्त्यांवर गुणवंत मुलींचे फोटो लागतात आणि तुमच्या पानांवरही येतात. त्याच मुली दहा वर्षांनी बाथरूममध्ये उभ्या असतात, तिथे कोणी फोटो काढायला येत नाही.

फोटोवरून आठवले. ऑगस्टमधल्या स्तनपान सप्ताहात तुम्ही एका रुग्णालयातल्या हिरकणी कक्षाच्या, म्हणजे आयांना आडोशाला बसून लेकराला पाजण्यासाठीच्या खोलीच्या, उद्घाटनाचा मोठा फोटो छापला होता. फीत, हार, पाहुणे, सगळे होते. त्या कक्षाला आता कुलूप असते. किल्ली कोणाकडे ते सिस्टरना माहीत नाही. खिडकीतून मी स्वतः पाहिले आहे, आत सलाइनचे स्टँड आणि जुनी रजिस्टरे रचलेली आहेत. तुमच्या वार्ताहराने एखाद्या साध्या मंगळवारी, न कळवता, तिथे जाऊन यावे आणि तोही फोटो त्याच पानावर, तेवढाच मोठा छापावा.

पत्र छापणार असाल तर माझे नाव, गाव आणि मुलीचे महाविद्यालय छापू नये. तुमच्या माहितीसाठी ते वेगळ्या कागदावर जोडले आहे. तिची परीक्षा अजून व्हायची आहे.

आपली,
एका निवासी डॉक्टरची आई
(निवृत्त शिक्षिका, जिल्हा परिषद)