‘सांबार’ म्हणणाऱ्या मुलाचा बुद्ध्यांक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विदर्भातल्या शाळा सुरू झाल्या आणि आमच्या गल्लीतली एक बाई हातात कागद घेऊन माझ्याकडे आली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, त्यामुळे असे कागद माझ्याकडे येतातच. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, म्हणून शाळेने बुद्ध्यांक चाचणी करून आणायला सांगितले होते. कागदावर आकडा होता ८०. ‘काहो मॅडम, माह्या पोराचं डोकं कमी हाय का जी?’ हा तिचा प्रश्न.

हाच पोरगा रविवारी आईच्या भाजीच्या गाड्यावर बसतो. साठ रुपये किलोचे टमाटर, गिऱ्हाईक पाऊण किलो घेते आणि शंभराची नोट देते. पिशवी बांधून व्हायच्या आत याच्या हातात पंचावन्न रुपये तयार असतात.

कागद नीट वाचला. शाब्दिक भागात ६६, कृतीच्या भागात ९४. दोन्हींची सरासरी म्हणून ८०. या चाचणीत अंतिम आकडा असाच काढतात, त्यात चूक कोणाची नाही. पण २८ गुणांची दरी त्या सरासरीने बुजवून टाकली, आणि शाळेने वाचली ती फक्त सरासरी. हे कुटुंब दीड वर्षापूर्वी भंडारा जिल्ह्यातल्या पवनीकडून इकडे आले. घरात पूर्व विदर्भातली झाडीबोली, गल्लीत हिंदी आणि चाचणी पुस्तकी मराठीत. तशी नोंद मात्र अहवालात कुठेच नाही.

चाचणीतले प्रश्न जाहीर करायचे नसतात, ते मी इथे देत नाही. पण मी घरी त्याला माझेच काही शब्द विचारून पाहिले. ‘कोथिंबीर म्हणजे काय?’ पोरगा गप्प. ‘सांबार म्हणजे?’ (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) लगेच उत्तर, ‘भाजीवर टाकतेत ते.’ शेंगदाणे म्हटले की बघत राहतो, फल्ली म्हटले की हसतो. शिवाय अनोळखी मोठ्या माणसासमोर एकट्याने बसायचे आणि त्याने विचारलेल्या, त्या माणसाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींची उत्तरे द्यायची, हा प्रकारच या मुलाला नवा. मोठ्यांपुढे गप्प बसावे असे त्याला घरी शिकवलेले. अहवालात त्याच गप्पपणाला ‘प्रतिसाद कमी’ म्हटले आहे!

यावर ‘मग चित्रांची चाचणी घ्या’ असे कोणी म्हणेल. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, अमेरिकी सैन्याने निरक्षर आणि इंग्रजी न येणाऱ्या जवानांसाठी अशी चाचणी केली होती. चित्रात काय राहिले आहे ते ओळखायचे. त्यातल्या एका चित्रात टेनिसचे मैदान होते आणि जाळी नव्हती. ज्याने टेनिस कधी पाहिलेच नाही, त्याला जाळी कुठून आठवणार? पुढे मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी आपल्या चाचणीला ‘संस्कृतिमुक्त’ म्हटले, पण नंतर त्यांनाही ते नाव सोडून नुसते ‘संस्कृतिन्याय्य’ म्हणावे लागले.

नागपूरकरांना हे तरी ठाऊक असावे की मुलांच्या मोजमापात आपल्या शहराचे नाव देशभर चालते. डॉ. आर्थर मॅलिन यांनी इथल्या चाइल्ड गाइडन्स सेंटरमधून वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या अमेरिकी बुद्ध्यांक चाचणीचे भारतीय रूप १९६९ मध्ये आणले. मूल रोजचे व्यवहार वयाप्रमाणे किती सांभाळते ते मोजणाऱ्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे त्यांनी केलेले रूपांतर तर ‘नागपूर अ‍ॅडॉप्टेशन’ म्हणूनच ओळखले जाते. परदेशी मोजपट्टी जशीच्या तशी आपल्या मुलांना लावू नये, हे इथे पन्नास वर्षांपूर्वी कळले होते. त्यानंतर तेव्हाच्याच मोजपट्टीने आजच्या मुलांना मोजत राहिलो, त्याचे काय? १९६९ च्या मुलाने कॅल्क्युलेटरसुद्धा पाहिलेला नव्हता.

चाचण्या बंद करा असे मी म्हणत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला असाच अहवाल होता म्हणून दहावीला जादा वेळ मिळाला. भाषेचे कारण पुढे करून खरी अडचण झाकली गेली, तर तेही मुलाचेच नुकसान. या मुलाला खरोखरच अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण, असू शकते. पण केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत त्या तपासणीसाठी बुद्ध्यांक ८५ च्या वर हवा असे म्हटले होते. ८० वाला त्या अटीत बसत नाही आणि बौद्धिक अक्षमतेतही बसत नाही. मग शाळा म्हणते, दुसरीकडे न्या.

माझे मागणे फार मोठे नाही. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, मुलाची घरची बोली कोणती आणि त्याचे गुण ज्या मुलांच्या गुणांशी ताडले ते तुलनेचे निकष कोणत्या वर्षाचे, एवढे प्रत्येक अहवालावर लिहिलेले असावे. शाब्दिक आणि कृतीचे गुण दूर दूर असतील तर सरासरीवर कोणी निर्णय घेऊ नये. आणि शहरातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी झाडीबोली, गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी नवे निकष बांधायला घ्यावेत. मॅलिन यांच्या गावात हे होणार नाही तर कुठे होणार?

त्या मुलाची पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. मी शब्द विचारत होते तेव्हा आई दारात उभी होती. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी त्याच्याकडून ‘कोथिंबीर, कोथिंबीर’ घोकून घेते आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर
(मुलाची ओळख पटू नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)