स्कॉच स्वस्त होणार, एवढीच बातमी?

महोदय,

भारत-ब्रिटन व्यापार करारामुळे स्कॉचवरचे आयातशुल्क 150 टक्क्यांवरून आधी 75 आणि पुढे दहा वर्षांत 40 टक्क्यांवर येणार, या बातम्या आपल्याकडे उत्साहाने छापल्या गेल्या. बाटल्यांचे फोटो, दरांच्या चौकटी. नोकरीनिमित्त सहा वर्षे स्कॉचच्याच देशात, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत राहून आलो असल्याने मला त्या अर्धवट वाटल्या, म्हणून हे पत्र.

स्कॉटलंडमध्ये 31 डिसेंबरला ‘हॉगमने’ म्हणतात. मध्यरात्रीनंतर घराचा उंबरठा पहिल्यांदा काळ्या केसांच्या माणसाने ओलांडला की वर्ष चांगले जाते, असे तिथे मानतात. माझे केस काळेभोर, म्हणून शेजारच्या आजींनी पहिल्याच वर्षी मला बोलावून घेतले. हातात कोळशाचा खडा, शॉर्टब्रेड बिस्किटांचा पुडा आणि व्हिस्कीची छोटी बाटली घेऊन मी कडाक्याच्या थंडीत त्यांच्या दारात उभा राहिलो. कोळसा त्यांनी शेगडीत टाकला. स्वतःसाठी बोटभर व्हिस्की ओतली, चमच्याने पाण्याचे चार थेंब घातले आणि तो ग्लास दीड तास पुरवला. मी पीत नाही म्हटल्यावर माझ्यासाठी चहाचे आधण ठेवले. कुणी पुन्हा विचारलेसुद्धा नाही. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री ‘अरे, स्कॉच आहे, हिला नाही म्हणायचं नसतं’ म्हणत पोरासोरांच्या हातात ग्लास कोंबताना मी पाहिले आहे, आणि दर वेळी वाईट वाटले आहे. तिथल्या पबमधले माप बहुधा 25 मिलिलिटरचे. इथे साठचा पेग भरणारा दिलदार ठरतो!

याच आजींचा धाकटा मुलगा पन्नाशीच्या आत दारूने गेला. त्याचा फोटो शेगडीवरच्या फळीवर होता. स्वस्त दारूने माणसे जातात म्हणून स्कॉटलंडच्या संसदेने 2012 मध्ये किमान किमतीचा कायदा केला. व्हिस्की उत्पादकांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली. निकाल सरकारच्या बाजूने लागला तो थेट नोव्हेंबर 2017 मध्ये, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात. 1 मे 2018 पासून कायदा लागू झाला. त्या संध्याकाळी आजी दारातच म्हणाल्या, ‘माझ्यासाठी उशीर झाला.’ व्हिस्की त्यांना परकी नव्हती. त्यांचे वडील तिच्या पिंपांचे कारागीर होते.

सप्टेंबर 2024 मध्ये ही किमान किंमत आणखी वाढली. आज 40 टक्के अल्कोहोलची 700 मिलिलिटरची बाटली तिथे 18 पौंड 20 पेन्सच्या खाली विकता येत नाही. ज्या देशाच्या नावाने आपण ती मिरवतो, त्याच देशाने ती फार स्वस्त होऊ नये म्हणून सहा वर्षे वाट पाहिली.

पुढच्या वेळी दरांची चौकट छापाल, तेव्हा हा आकडाही तिच्यात घालावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सांगली