दुबईचा फ्लॅट आणि रोखीचे टोकन

संपादक महोदय,

ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात दुबईच्या फ्लॅटचे प्रदर्शन भरले होते. तिथल्या एजंटाने माझ्या थोरल्या भावाकडून टोकन म्हणून तीन लाख रोख घेतले. पावतीवर ना प्रकल्पाचे नाव, ना शिक्का. आता तो फोनच उचलत नाही. वहिनींनी ठेव मोडून दिलेले पैसे होते ते!

दुबईत २००७ च्या कायद्यानुसार बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे पैसे एस्क्रो खात्यातच, म्हणजे बँकेत त्या प्रकल्पापुरत्या राखून ठेवलेल्या खात्यातच, भरायचे असतात. एजंटाची नोंदणी तिथल्या सरकारी जमीन विभागाच्या ‘दुबई रेस्ट’ अ‍ॅपवर तपासता येते. इथून रक्कम पाठवायची तीही बँकेमार्फतच, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. रोख मागणाऱ्याला तिथेच हात जोडावेत. आणि हॉल भाड्याने देण्याआधी हॉटेलवाल्यांनीही अशा एजंटांचा परवाना बघायला काय हरकत आहे?

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर