बाबा, वेगळ्या खोल्या का लागतात

मॅडिसन, विस्कॉन्सिन
ऑक्टोबर 2025

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर विषय तापला की आई फोन काढून घेते आणि "आज काय केलंस जेवायला" इथं येऊन थांबते. म्हणून यावेळी लिहूनच पाठवते आहे. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय. आई, बाबांना वाचून दाखवताना मधला मजकूर गाळायचा नाही. गाळलास तर मला कळतं.

बाबा, तुमचं म्हणणं असं होतं: "इतक्या लांब शिकायला जायचं, आणि तिथंही काळ्या पोरांची खोली वेगळी, मेक्सिकन पोरांची वेगळी, आशियातल्यांची वेगळी. हे तर आमच्या कोल्हापूरच्या दसरा चौकासारखंच झालं की! कुठल्या बोर्डिंगात राहतोस म्हटलं की समोरच्याला जात कळायची. त्यातनं बाहेर पडायला आम्ही आयुष्य घालवलं." तुम्ही चिडून बोललात, पण उदाहरण अगदी नेमकं दिलंत. त्याच उदाहरणाने मी तुमच्याशी भांडणार आहे.

आधी या खोल्या ज्या इमारतीत आहेत ती कशी आहे ते सांगते. तिला इथं सगळे रेड जिम म्हणतात. मेंडोटा तलावाच्या काठाला लाल विटांचा चक्क किल्ला आहे: बुरूज, तटावर असतात तसे कंगोरे, बुरुजांना अरुंद खिडक्या. 1894 मध्ये बांधला तो शस्त्रागार आणि व्यायामशाळा म्हणून. 1886 साली शिकागो आणि मिलवॉकीत आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी संप केले, गोळीबार झाले, माणसं मेली. त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेत गावोगावी असे किल्ल्यासारखे शस्त्रागार उभे राहिले. उद्या जमाव चालून आला तर कुठून तोंड द्यायचं, हा विचार त्या भिंतींत आहे. 1970 च्या जानेवारीत व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या पोरांनी तिच्यात आगीचा बॉम्बही टाकला होता. पुढे ती पाडायची की ठेवायची यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. शेवटी राष्ट्रीय वारसा म्हणून ठेवली, दुरुस्त केली, आणि विद्यार्थ्यांच्या कामासाठी दिली. परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस तिथंच आहे. माझे व्हिसाचे कागद अडले की मी पळते ती तिथंच. आणि तिथंच मल्टिकल्चरल स्टुडंट सेंटर, म्हणजे विद्यार्थ्यांचं बहुसांस्कृतिक केंद्र आहे, ज्याच्यावरून आपलं वाजलं.

आपल्या माणसांची खोली असावी ही कल्पना मात्र इमारतीनंतर काही वर्षांतच, 1903 साली, इथं रुजली होती. त्या वर्षी परदेशातून आलेल्या आणि काही इथल्या विद्यार्थ्यांनी मिळून इंटरनॅशनल क्लब काढला. मग बऱ्याच विद्यापीठांत असेच कॉस्मोपॉलिटन क्लब निघाले आणि 1907 मध्ये त्यांचा देशभरचा संघ झाला. आता हे वाचून तुम्ही सरळ बसाल: बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस हार्टली हॉल या वसतिगृहात होते, आणि मग 114 व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले. भारतीय विद्यार्थी तो चालवत. नंतर मित्र नवल भथेनांबरोबर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात. म्हणजे जगातल्या मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या माणसालाही आधी आपल्या माणसांची खोली शोधावी लागली. आणि आपली माणसं म्हणजे कोण, हा प्रश्न तर त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार.

पण क्लब हा पाहुण्यांसाठी होता. परत जाणाऱ्यांसाठी. जे इथंच जन्मले, ज्यांचे आजे-पणजे इथल्या शेतांत राबले, त्या कृष्णवर्णीय पोरांना क्लबाने काय होणार? त्यांची गोष्ट सुरू होते 1969 च्या फेब्रुवारीत. थंडी अशी की तलावावरून गाड्या चालतील. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तेरा मागण्या मांडल्या आणि वर्गांवर बहिष्कार टाकला. मुख्य मागणी आफ्रो-अमेरिकन अभ्यासाच्या स्वतंत्र विभागाची. गोरी मुलंही हजारोंनी मोर्च्यात उतरली. राज्यपालांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, बोलावलं आणि बंदुकांना संगिनी लावलेले शिपाई कॅम्पसवर उभे राहिले. दुसऱ्या वर्षी विभाग मिळाला. त्याच काळात त्यांचं स्वतःचं आफ्रो-अमेरिकन सेंटरही चालू होतं. 1973 मध्ये विद्यापीठाने ते बंद केलं. पोरांनी निदर्शनं केली, उपयोग झाला नाही.

मला यात सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? संप झाला, शिपाई आले, विभाग मिळाला, हे सगळीकडे छापलेलं असतं. चार वर्षांत सेंटर गुंडाळलं, ते शोधून वाचावं लागतं.

मग 1987. रेड जिमच्याच भागात, लँग्डन स्ट्रीटच्या बाजूला, फ्रॅटर्निटींची घरं आहेत. म्हणजे श्रीमंत पोरांचे राहण्याचे क्लब समजा. त्यातल्या एका घराने ‘फिजी बेट’ नावाची पार्टी केली आणि अंगणात काळ्या माणसाचं ओंगळ व्यंगचित्र उभं केलं, नाकात हाड घातलेलं. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं. त्यावरून जे पेटलं त्यातून विद्यार्थी आणि प्राध्यापकांची समिती बसली. तिचा अध्यक्ष विद्यार्थीच होता, आडनाव होली, म्हणून तो होली रिपोर्ट. त्यांनी केलेल्या शिफारशींतली एक होती बहुसांस्कृतिक केंद्राची. डॉना शलेला तेव्हा नुकत्याच चॅन्सलर, म्हणजे विद्यापीठाच्या प्रमुख, झाल्या होत्या. 1988 च्या फेब्रुवारीत त्यांनी ‘मॅडिसन प्लॅन’ जाहीर केला: अल्पसंख्य विद्यार्थी आणि प्राध्यापक वाढवायचे, प्रत्येकाला वंश-संस्कृतीवरचा एक तरी अभ्यासक्रम घ्यायला लावायचा. आजचं सेंटर त्या धामधुमीतलं.

आता दसरा चौकाकडे येते.

बाबा, शाहू महाराजांनी बोर्डिंगं जातवार का काढली, हे मला आठवीत तुम्हीच सांगितलं होतं. तेव्हा माझं लक्ष गणपतीच्या डेकोरेशनकडे होतं, पण ते डोक्यात राहिलं. 1896 मध्ये महाराजांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढलं होतं. दार सगळ्यांना उघडं. आणि थोड्याच काळात तिथं राहिले कोण, तर एकाच जातीचे विद्यार्थी. बाकीच्यांना कुणी ‘येऊ नका’ म्हटलं असेल-नसेल, पण पंगत कुणाची, सोवळं कुणाचं, कारभार कुणाचा, हे आधीच ठरलेलं होतं. मग 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, 1906 ला मुस्लिम बोर्डिंग, 1908 ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराजांना जात वाढवायची नव्हती. खेड्यातला पोरगा कोल्हापुरात टिकला पाहिजे, एवढंच होतं. तुम्ही टिकलात. म्हणून मी इथं आहे.

इथंही नेमकं तेच आहे. ‘मेमोरियल युनियन’ ही रेड जिमच्या शेजारची इमारत सगळ्यांची आहे, मी रोज जाते, तलावाकाठच्या त्या रंगीत खुर्च्यांचे फोटो तुम्हाला पाठवलेत. छान आहे. पण 1970 साली तिथं बसलेल्या एखाद्या कृष्णवर्णीय मुलीला ती किती सगळ्यांची वाटली असेल, हे तिलाच विचारायला हवं.

मी काही सेंटरची भक्त नाही. मला त्यातलं एक पटत नाही, आणि ते तुमच्या बाजूने जातं. ‘बहुसांस्कृतिक’ हे नाव विद्यापीठांना फार सोयीचं पडलं. सगळ्यांना एका छताखाली घातलं की वर्षातून एकदा खाद्यमहोत्सव, चार नाच, आणि फोटो. फोटोवरून आठवलं. 2000 साली या विद्यापीठाच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तकावर फुटबॉलचा सामना बघणाऱ्या पोरांचं चित्र होतं. सगळी गोरी, आणि त्यात एक कृष्णवर्णीय चेहरा. तो चेहरा दुसऱ्याच फोटोतून कापून कॉम्प्युटरवर चिकटवलेला निघाला! तो मुलगा फुटबॉलच्या सामन्याला कधी गेलाच नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरचं ऊन बाकीच्यांच्या उन्हाशी जुळत नव्हतं, त्यावरून विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रातल्या पोरांनी पकडलं. विद्यापीठाला माफी मागून पुस्तक पुन्हा छापावं लागलं. सेंटर काढून बारा वर्षं झाल्यावरची ही गोष्ट.

आणि म्हणून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘सगळ्यांचं केंद्र आहे ना, तिथं बसा’ हे ऐकून घेतलं नाही. मागणी चालूच ठेवली. 2017 मध्ये रेड जिममध्येच ब्लॅक कल्चरल सेंटर उघडलं. 1973 ला गेलेली खोली 2017 ला परत मिळाली. चव्वेचाळीस वर्षं, बाबा. एवढ्यात तुमची अख्खी नोकरी होऊन पेन्शन सुरू झालं.

आई, तू विचारतेस ना, मी एकटी पडते का. तर रेड जिममध्ये वरच्या मजल्यावर जुने सोफे आहेत आणि एक मायक्रोवेव्ह आहे, त्याच्यापुढे दुपारी रांग असते. तिथं मला एक मैत्रीण भेटली, ह्मोंग आहे. लाओसच्या डोंगरांतले लोक. तिकडच्या युद्धात ते अमेरिकेच्या बाजूने लढले, अमेरिका निघून गेल्यावर जीव घेऊन मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आले, आणि तिथून या राज्यात. विस्कॉन्सिनमध्ये ते हजारोंनी आहेत. तिच्या डब्यात चिकट भात असतो आणि छोट्या बाटलीत हिरव्या मिरच्या-कोथिंबीर खलात कुटून केलेलं तिखट. मासळीचा वास सोडला तर तुझा ठेचाच. एकदा वर्गात तिने डबा उघडला तेव्हा एक जण उठून लांब बसला होता, असं ती हसत सांगते. म्हणून ती इथं येऊन खाते. इथं कुणी वळूनही बघत नाही. मी पण माझी सुकी भाजी तिथंच गरम करते, लसणाच्या फोडणीची. लॅबमध्ये करायची हिंमत होत नाही.

तिचे वडील कारखान्यात रात्रपाळी करतात. घरात कॉलेजला आलेली ती पहिलीच. फी माफीचा फॉर्म कुणाला विचारायचा, प्राध्यापकाला ई-मेल कशी लिहायची, परीक्षेत नापास झालं तर घरी काय सांगायचं, हे तिला त्या सोफ्यांवर बसणाऱ्या वरच्या वर्षाच्या मुलींनी शिकवलं. तुम्हाला बोर्डिंगातल्या त्या कागलच्या पोराने कॉलेजचा अर्ज भरून दिला होता, तसंच. खाद्यमहोत्सव बंद पडले तरी माझी हरकत नाही, पण हे बंद पडू नये.

आणि नेमकं हेच धोक्यात आहे. टेक्सासमध्ये 2024 च्या जानेवारीपासून सरकारी विद्यापीठांतली विविधतेची ऑफिसं बंद करणारा नवा कायदा लागू झाला आणि ऑस्टिनच्या विद्यापीठाने आपलं मल्टिकल्चरल सेंटर बंद केलं. त्याच वर्षी युटाच्या विद्यापीठातलं ब्लॅक कल्चरल सेंटर गेलं. आमच्याकडे यंदा जुलैमध्ये विविधतेचं काम बघणारा वेगळा विभाग गुंडाळायचं जाहीर झालं. असे कायदे करणारे कारण जवळपास तुमचंच सांगतात: सगळे विद्यार्थी सारखे, मग वेगळ्या खोल्या कशाला? तुम्ही तळमळीने म्हणता, ते फाइलवर सही करून म्हणतात, एवढा फरक मला मान्य आहे. पण ज्यांची खोली जाते त्यांना तो फरक कळत नाही.

तुमच्याकडे एक हुकमी पान आहे, ते मला माहीत आहे, आणि तुम्ही ते काढणारच. कर्मवीर भाऊराव. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले, परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, आणि बोर्डिंगातून बाहेर काढले गेले. आपल्या माणसांच्या खोलीनेच त्यांना हाकललं. मग त्यांनी साताऱ्याला 1924 मध्ये सगळ्या जातींच्या मुलांचं एकच बोर्डिंग काढलं, एका पंगतीत जेवणारं. यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की भाऊरावांच्या बोर्डिंगात कारभारी स्वतः भाऊराव होते, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांसाठी मंगळसूत्र मोडलं होतं. सगळ्यांची खोली चालवायला तसं कुणी लागतं. ते नसलं तर ती 1896 च्या वसतिगृहासारखी होते. तुम्ही यावर लिहून पाठवा, फोनवर नको. आणि तुमच्या बोर्डिंगात रविवारी बाकीच्या बोर्डिंगांशी खो-खोच्या मॅच व्हायच्या म्हणता, त्या कोण भरवायचं तेही लिहा. मैत्रिणीला सांगायचंय.

बाकी ठीक. थंडी सुरू झाली आहे, लोकरीचे मोजे पुरतील. आई, गुडघ्याचा एक्स-रे दिवाळीनंतर करू म्हणू नकोस, दिवाळीत तू जिन्यावरून वीस वेळा वर-खाली करणार. आधीच करून घे आणि रिपोर्टचा फोटो पाठव. बाबांची बीपीची गोळी सकाळचीच आहे, रात्रीची नाही, मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. चकलीची भाजणी पाठवायची झाली तर अर्धा किलो पुरे, बॅगेत जागा नाही असं येणारा माणूस दोनदा म्हणालाय.

तुमची,
मनू