मोटेच्या प्रतिकृतीत सोंदूर कुठे आहे?

संपादक महोदय,

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत मोटेची, म्हणजे बैलांकरवी विहिरीतले पाणी उपसणाऱ्या चामडी पिशवीची, प्रतिकृती हमखास असते. मातीचे बैल, रंगवलेली शिंगे, गळ्यात घुंगरू आणि एका कप्पीवरून विहिरीत लोंबणारा प्लास्टिकचा पेला. पेला वर आला की मुलगा तो बोटाने कलंडवतो. हा पोहरा झाला, मोट नव्हे. मोट कुणाला कलंडवावी लागत नसे. काठाशी आली की ती आपली आपण थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, रिती होई. सगळी करामत तिथेच आहे आणि नेमकी तीच प्रतिकृतीतून गळते.

मोटेला दोर दोन. जाड नाडा वरच्या चाकावरून मोटेच्या तोंडाच्या कड्याला जातो. बारीक सोंदूर थारोळ्याच्या काठावरच्या लाकडी रुळावरून, म्हणजे कण्यावरून, मोटेच्या तळाच्या नळीच्या, म्हणजे सोंडेच्या, टोकाला. दोन्ही दोर जुवाला एकत्र बांधलेले. मोट वर येत असताना सोंदूर सोंडेचे टोक मोटेच्या तोंडाइतके उचलून धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. टोक कण्याशी पोचले की सोंदूर ते आडवे थारोळ्यात ओढतो, मोट मात्र चाकाकडे चढतच राहते. सोंड खाली, मोट वर. पाणी वाहून जाते.

ज्यांना ही प्रतिकृती करायची आहे त्यांनी प्रमाण 1:10 च्या खाली नेऊ नये. दीडशे लिटरची मोट या प्रमाणात 150 मिलि होते. 1:20 केली तर जेमतेम 19 मिलि उरते, आणि तेवढ्या पाण्याच्या वजनाला कापडाचा ताठरपणाही हलत नाही. मोटेचा व्यास साडेपाच सेंमी, खोली साडेसहा, सोंड 13 सेंमी लांब आणि टोकाशी किमान 2 सेंमी रुंद ठेवावी. खरे चामडे वापरण्याचा मोह आवरावा. या आकारात ते दुमडत नाही. रेनकोटचे पातळ कापड शिवून शिवणीवर पंक्चरवाल्याकडचे रबर सोल्युशन दोन हात लावले की काम भागते. सोंडेच्या टोकात तारेची कडी घालावी, नाहीतर ओल्या कापडाचे दोन्ही पदर चिकटून पाणी अडते.

चाक कण्यापेक्षा 12 सेंमी उंच हवे. हे माप सर्वाधिक चुकते. मोटेचे तोंड कड्याच्या दोऱ्यांमुळे चाकापासून 4 सेंमी खालीच थांबते. राहिलेल्या 8 सेंमीत मोटेचा तळ कण्याच्या वर आला पाहिजे. चाक 8 सेंमीवर बसवले तर तळाचे पाणी मोटेतच राहते आणि मुले सोंड कापून मोठी करत बसतात. चाकासाठी दोन मोठ्या चकत्यांमध्ये एक लहान चकती चिकटवावी, म्हणजे खोल खाच मिळते. परतीच्या वेळी नाडा सैल पडतो आणि उथळ खाचेतून उडी मारतो. आस म्हणून सायकलचा आरा, भोक अर्धा मिमी मोठे, तेलाचा एक थेंब. नाडा 2 मिमी विणलेल्या सुती दोरीचा असावा. पिळाची सुतळी वजन पडताच उलगडते, मोट गरगर फिरते आणि सोंदूर नाड्याला गुंडाळला जातो.

दोरांची लांबी कागदावर काढू नये. मोट पाण्यातून नुकती बाहेर आली आहे, जू काठापासून 30 सेंमीवर आहे, अशा स्थितीत सोंडेचे टोक मोटेच्या तोंडाच्या अर्धा सेंमी वर धरून दोन्ही दोर जुवाला बांधावेत. नाडा जुवाकडे तिरपा उतरतो, सोंदूर जवळजवळ सरळ जातो. म्हणून जू दूर गेल्यावर टोक तोंडापेक्षा सेंमी-दीड सेंमी आणखी वर सरकते. तेवढे चालते. उलट क्रमाने, म्हणजे मोट वर असताना गाठ मारली, तर तळाशी सोंड लोंबते आणि वाटभर धार लागते. मग शिवण उसवली असे समजून सोल्युशनचे थरावर थर चढतात.

रिकामी मोट पाण्यावर तरंगत राहिली तर कड्याच्या एका बाजूला लोखंडी नट अडकवावेत आणि खालच्या टबात किमान 15 सेंमी पाणी ठेवावे.

धाव, म्हणजे बैलांची उताराची वाट, आखूड करता येत नाही. पाणी काठापासून 50 सेंमी खाली असेल तर जुवाला 60 सेंमी चाल लागतेच. म्हणून फळी दीड मीटरची घ्यावी. धावेला उतार सहाला एक ठेवावा. 800 किलोची बैलजोडी अशा उतारावर नुसत्या वजनाने सुमारे 130 किलोची ओढ देते. प्रतिकृतीत 800 ग्रॅमची चाकांची गाडी 130 ग्रॅम देईल. पाणी आणि कापड मिळून भार 170 ग्रॅम. गाडीला पुढून स्प्रिंग काटा लावून धावेच्या दिशेने सावकाश ओढावे. काट्यावर 40 ग्रॅमच्या वर जे दिसेल ते घर्षण. मोटकरी उतरताना नाड्यावर का बसे, याचे उत्तर मुलांना इथेच सापडेल. मोटर बसवली की हा सगळा भाग हातचा जातो, तरी बक्षिसे बहुधा मोटरवाल्यांनाच मिळतात!

साताऱ्याजवळ लिंब येथे विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधवून घेतलेली बारा मोटेची विहीर आहे. अष्टकोनी, सुमारे 110 फूट खोल. मोटांच्या जागा वरच्या बांधकामात आजही पाहता येतात. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी तिथे फोटोंबरोबर मापाची टेपही काढावी.

परीक्षकांना एकच विनंती. मोट हाताने न कलंडवता सलग दहा वेळा चालवायला सांगावी आणि थारोळ्यातले पाणी मोजपात्रात घ्यावे. दहा फेऱ्यांत एक लिटरही भरले नाही, तर आधी सोंदूर पाहावा, मग चाकाची उंची, आणि शिवण सगळ्यात शेवटी.

— काही निवृत्त कार्यानुभव शिक्षक, सातारा जिल्हा