आप्पा, तुम्हाला आवडणार नाही तरी हे पत्र

आदरणीय आप्पा,

सा. न. वि. वि.

तुम्हाला थँक्यू म्हटलं की तुम्ही कसे चिडता ते मला चांगलं माहितीये, घसा खाकरायचा आणि लगेच पावसापाण्याचा विषय काढायचा. म्हणून तोंडावर बोलत नाही, लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय म्हणजे तुम्हाला विषय बदलता येणार नाही. नातू वाचून दाखवेलच, त्याला म्हणा हळू वाच, गाळू नको.

खरं म्हणजे जळगावला परत आल्यापासून मी ज्याला सांगते की तिकडे अमेरिकेत शिडाच्या जहाजावर काम करत होते, त्याला वाटतं मी क्रूझवर फिरून आले. मावशीने तर विचारलं की जेवणात काय काय होतं. आता काय सांगणार, जेवणात तुमच्या सूनबाईंनी बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा होता आणि तो खाताना हात गंजाने लाल झालेले असायचे. तर जे विचारतात त्यांना पण कळू दे म्हणून जरा पहिल्यापासून लिहिते.

नवऱ्याची ट्रान्सफर ह्यूस्टनला झाली आणि मी डिपेंडंट व्हिसावर गेले. इंजिनीअरिंगची डिग्री हातात, आणि पगाराची नोकरी करायची परवानगी नाही. ज्या बायका गेल्यात त्यांना माहितीये ते दिवस कसे जातात, नवरा सकाळी जातो, घर आवरून होतं, आणि मग अकरा वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत भिंती. गाडी एकच, ती ऑफिसला. आईला व्हिडिओ कॉलवर सगळं मस्त चाललंय म्हणून सांगायचं. तुम्ही त्याच सोसायटीत मुलाकडे राहात होता, चोपड्याकडचे आहात एवढं ऐकून होते. एकदा लिफ्टपाशी तुम्ही सरळ अहिराणीत विचारलंत, कोणता गाव? मी म्हटलं अमळनेर. झालं, पुढच्या शनिवारी सकाळी मला जहाजावर न्यायला तुम्ही गाडी घेऊन खाली उभे. साठीनंतर लायसन काढलेला माणूस गॅल्व्हस्टन बंदराच्या पुलावरून नव्वदच्या स्पीडने गाडी मारतो हे मी तेव्हा घरी सांगितलं नव्हतं, आज सांगते.

जहाजाचं नाव एलिसा. 1877 ला स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला बांधलेलं, लोखंडी अंगाचं, तीन डोलकाठ्यांचं. पुढच्या टोकाला बाहेर आलेला सोट धरला तर 205 फूट लांब, मधली डोलकाठी जवळजवळ 100 फूट उंच, शिडं एकूण 19. पुढे ते नॉर्वेवाल्यांना विकलं गेलं, मग स्वीडनला, नावं बदलली, डोलकाठ्या कापल्या, आत इंजिन बसवलं, आणि शेवटी ग्रीसमध्ये भंगारवाल्यांच्या दारात पोचलं. एका अभ्यासकाने 1961 मध्ये ओळखलं की हे तर जुनं शिडाचं जहाज आहे. 1975 ला गॅल्व्हस्टनच्या, जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने विकत घेतलं, 1979 ला अटलांटिक ओलांडून ओढत आणलं, आणि 1982 पासून लोकांना बघायला उघडं आहे. नुसतं बघायला नाही, ते चालतं. वर्षातून काही दिवस खऱ्या समुद्रात शिडांवर जातं आणि त्या दिवशी दोर ओढणारे बहुतेक सगळे व्हॉलंटियर असतात, शिक्षक, नर्स, रिटायर लोक, कॉलेजची पोरं. त्यांना पगार नाही. बाकी वर्षभर तेच लोक ते जहाज सांभाळतात.

सांभाळणं म्हणजे काय ते पहिल्याच दिवशी कळलं. हातात हातोडी दिली आणि सांगितलं गंज काढ. खारं पाणी आणि लोखंड, दुसरं काय होणार. खपल्या ठोकून काढायच्या, वायर ब्रश मारायचा, प्रायमर, मग रंग, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेस्तोवर पहिल्या टोकाला परत गंज. 2011 ला कोस्ट गार्डच्या तपासणीत तळाचा पत्रा इतका खराब निघाला होता की जहाजाला बाहेर न्यायचीच बंदी झाली, लाखो डॉलर उभे करून तळाचे पत्रे बदलले तेव्हा कुठे ते परत समुद्रात गेलं. हे ऐकल्यावर हातोडी जरा जोरात मारायला लागले मी.

पण खरं सांगू का, नुसता गंजच असता तर मी महिन्याभरात सोडलं असतं. आप्पा तुम्ही होतात म्हणून टिकले. तुमचं बघून. तुम्ही आयुष्यभर कापसाच्या जिनिंग-प्रेसमध्ये फिटर होता, सरकीचा धुरळा खाल्लेला माणूस, तुम्हाला कप्पी, दोर, वजन कुठून उचललं की कुठे ताण येतो हे कोणी शिकवायची गरजच नव्हती. इंग्रजी तुमचं जेमतेम, पण तो मुख्य माणूस, ज्याच्या हाताखाली सगळं रिगिंग, म्हणजे दोर-शिडांचं काम होतं, तो काही अडलं की तुमच्याकडे बघायचा. मला अजून आठवतं त्याने तीन पदरी दोराच्या टोकाला डोळा कसा करायचा ते दाखवलं, पदर उकलायचे, वळवून आणायचे आणि मूळ दोराच्या पिळातून एकाआड एक ओवायचे. आम्ही सगळे बोटं अडकवून बसलो होतो, कोणाचा पदर खालून गेला तर कोणाचा दोनदा त्याच ठिकाणी, आणि तुम्ही कडेला बसून करून मोकळे, टोकं चेपून, हातात फिरवून बघताय. तो म्हणाला कुठे शिकला? तुम्ही मला म्हणालात सांग त्याला, पोळ्याले बैलना दोर कोण वळस? अंबाडीचा वाख भिजवून दोर वळलेले हात ते. मी आपलं त्याला सांगितलं की आमच्याकडे बैलांचा एक सण असतो, तर त्याला पूर्ण सण ऐकायचा होता, बैलांना रंगवतात, पुरणपोळी खायला घालतात, त्या दिवशी काम देत नाहीत. त्यादिवशी गंज काढणं एक तास बंद.

आणि दोर गुंडाळायचं. तिथे प्रत्येक दोर पिनेला आठच्या आकड्यात अडकवतात आणि उरलेला गुंडाळून टांगतात, आणि तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच गुंडाळायचा, कारण दोर उजव्या पिळाचा असतो, उलटा गुंडाळला की त्यात पीळ पडून गुंता होतो आणि ऐन वेळी कप्पीत जाऊन अडकतो. मला हे पाठ करावं लागलं, तुम्ही दोर हातात घेऊन बोटाने पीळ चाचपला आणि बरोबर त्या बाजूने गुंडाळायला लागलात. नंतर मी पण तसंच करायला लागले, डोळे मिटून सुद्धा जमतं आता.

डेकच्या फटी भरायच्या वेळची गंमत तर सगळ्यांना सांगते मी. फळ्यांच्या मधल्या फटीत आधी कापसाची वळी ठोकून बसवतात, तिच्यावर डांबरी ताग, आणि वरून गरम डांबर ओततात. तुम्ही तो कापूस घेतला, चिमटीत ओढून बघितला, नाकाशी नेला, आणि तोंड वाकडं करून म्हणालात याच्यापेक्षा आपल्या चोपड्याच्या जिनातला झाडूनझटकून काढलेला बरा. ते मी भाषांतर केलं नाही.

तिथेच माहिती मिळाली आपल्याला की हे जहाज व्यापाराच्या काळात दोनदा गॅल्व्हस्टनला येऊन गेलंय. 1883 च्या डिसेंबरात आलं ते केळी घेऊन, आणि पुढच्या महिन्यात कापसाच्या गाठी भरून लिव्हरपूलला गेलं. तुम्ही ते मला दोनदा वाचायला लावलंत. केळी आणि कापूस! खान्देशच की हा, म्हणालात. मग परत येताना गाडीत तुम्ही मला सांगितलं की अमेरिकेत आपसात लढाई झाली, 1861 ते 65, तेव्हा तिकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, गॅल्व्हस्टनची पण, कापूस लिव्हरपूलला जाईना आणि म्हणून आपल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला, जळगावची पेठ त्या दिवसांत वर आली. आणि लढाई संपली तसा भाव कोसळला. मी घरी येऊन शोधलं तर 1880 च्या खान्देश गॅझेटिअरमध्ये जळगावबद्दल खरंच तसं आहे. म्हणजे आमच्या पणजोबांच्या आधीच्या लोकांनी कापूस विकला तो या बंदराचं तोंड बंद होतं म्हणून, आणि मी त्याच बंदरात बसून त्याच धंद्यातल्या जहाजाचा गंज काढत होते. शाळेत इतिहास असा कोणी शिकवला असता तर मी इंजिनीअर झाले नसते बहुतेक. केळीबद्दल मात्र तुमचं मला अजून पटत नाही, तुम्ही म्हणता शिडाच्या जहाजात वारा पडला तर अर्धी केळी काळी पडली असणार, मी म्हणते कच्चा घड कापून भरत असणार ना, रावेरहून दिल्लीला काय पिकलेली पाठवतात का. असो.

आता मुख्य गोष्ट. वर चढायची.

समुद्रात जायचं तर सगळ्यांनी डोलकाठीवर चढलंच पाहिजे असं नव्हतं, खाली डेकवर पण भरपूर काम असतं. पण मला चढायचं होतं आणि मला उंचीची भीती, गच्चीच्या कठड्याशी उभी राहात नाही मी. दोरांच्या त्या जाळीवरून, हार्नेस लावून, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूने चढायचं, म्हणजे वारा तुम्हाला जाळीवर दाबतो, फेकत नाही. अर्ध्यापर्यंत ठीक. मग एक जागा येते तिथे जाळी बाहेरच्या बाजूला कलते, पाठ खाली करून उलटं लटकत वरच्या फळीवर जायचं. तिथे मी थांबले. हात सुटेनात. वरून एक बाई सांगतेय, खालून एक सांगतोय, सगळं इंग्रजीत, आणि माझ्या डोक्यात एक शब्द जात नव्हता. आणि मग खालून तुमचा आवाज आला, प्रेसमध्ये मशीन चालू असताना ओरडायचा तो आवाज, "कशाले घाबरस माय? खाले देखू नको. एक हात जहाजना, एक हात तुना." बस. मग उजवा पाय, मग डावा हात, एकेक करून तुम्ही सांगत गेलात, शेवटी "आते जाय वर". मी गेले. अख्खं बंदर शांतपणे ऐकत होतं की हा म्हातारा काय ओरडतोय.

वर गेल्यावर मी रडले ते तुम्हाला खालून दिसलं नसेल असं वाटत होतं. नंतर कळलं दिसलं होतं, तुम्ही कोणाला बोलला नाहीत.

आणि एप्रिलात जहाज बाहेर गेलं तेव्हा तुम्ही नव्हतात. गुडघ्यामुळे तुम्ही आधीच नाही म्हणून टाकलेलं, मला सांगितलं नव्हतं कारण मग मी पण राहिले असते. अख्खा हिवाळा तुम्ही तिथे घासलंत, शिडांच्या कडा दाभणाने शिवल्या, बोटाला भोकं पाडून घेतली, आणि ज्या दिवसासाठी हे सगळं त्या दिवशी तुम्ही धक्क्यावर टोपी घालून उभे. याचा मला राग आलाय आप्पा, आणि तो अजून गेलेला नाही, थँक्यूच्या पत्रात लिहू नये पण लिहिते.

तो दिवस कसा होता ते तुम्हाला नीट सांगायचं राहिलंच, फोनवर आपण नुसतं बरं बरं केलं. तर ऐका. मी मधल्या डोलकाठीच्या गटात होते. खाडीतलं पाणी तापीच्या पुरासारखं गढूळ, आणि बाहेर जाऊ तसं हिरवट होत गेलं. डॉल्फिन दिसले. मग ऑर्डर सुटायला लागल्या, तिथे ऑर्डर आली की सगळ्यांनी ती मोठ्याने परत म्हणायची, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं की ऐकली. आम्ही दहाबारा जण एका दोराला, ओढ, परत ओढ, वरचा तो आडवा खांब हळूहळू वर सरकतो, शीड आधी फडफडतं, कानठळ्या बसतात इतकं, आणि मग एका क्षणी वारा भरतो आणि ते गप्प होतं आणि पायाखालचं जहाज कलतं. सगळे त्या शिडाकडे वर बघत होते. मी तुम्ही शिवलेली कड शोधत होते. सापडली पण, खालच्या कोपऱ्यात, तुमचे टाके बाकीच्यांपेक्षा जवळजवळ आहेत. टिकले. दिवसभर वारा चांगला होता तरी एक टाका हलला नाही.

आईला तो व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली, हे बिनपगारी? म्हटलं हो. मग ती जरा वेळाने म्हणाली, आप्पांना म्हणावं पोरीला सांभाळलंत. तर तो निरोप पण पोचवते.

आता तुम्ही पण गावी आलात, मी पण आले, मधे सगळं अंतर एसटीचं. भरताची वांगी बाजारात आली की मी चोपड्याला येणारे, वांगी मी आणते, काड्या तुम्ही पेटवून ठेवा, आणि शेतातल्या मळ्यातच करू, गॅसवर नको. तुमचा दाभण माझ्या सामानात आलाय चुकून, तो घेऊन येते. गुडघ्याचं डॉक्टरला दाखवलं का ते सूनबाईंना विचारलंय मी, त्यांनी खरं काय ते सांगितलंय, तेव्हा मला उगाच बरं आहे म्हणू नका. आणि अंबाडीचा वाख मिळत असेल तर थोडा भिजत घालून ठेवा, मला मुळापासून दोर वळायला शिकायचंय, तिकडे आपल्याला तयार दोर मिळायचा.

तुमची,
अमळनेरची पोरगी